कृपया हात लावू नये

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सुधीरपाशी नाही — सुधीरपाशी तर नाहीच नाही. दर रविवारी विहारात डोळे मिटून बसतो, तेव्हा स्वतःशीसुद्धा हे पूर्ण वाक्यात बोललेलो नाही. अर्धं वाक्य मनात येतं. मग मी खोकतो, मांडी बदलतो, आणि ते तिथंच राहतं. तुलाच का सांगतोय, असं विचारू नकोस. तू मला ओळखत नाहीस, हे एक कारण असेल.

सोप्या गोष्टीपासून सुरुवात करतो. कॉम्प्युटरपासून. त्यात मी हुशार आहे — लोक तसं म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देतो. मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो, तिथल्या एका कंपनीत सिस्टिम्स बघतो. रविवारी गाडी काढून स्लाऊला विहारात जातो. विहार म्हणजे ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या, मागचा एक भाड्याचा हॉल. खाली वंदना होते, वर एक खोली नुसतीच पडून होती. त्या खोलीत कॉम्प्युटर रूम करायची असं कमिटीनं ठरवलं. मुलांचा होमवर्क, नव्यानं आलेल्यांचे नोकरीचे अर्ज, वडीलधाऱ्यांना मराठी टायपिंग. हार्डवेअर कोण निवडणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते आवडलं.

थिन क्लायंट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुस्तकाएवढे छोटे डबे असतात. प्रत्येकाला एक स्क्रीन, एक कीबोर्ड. पण डब्याला स्वतःचं डोकं जवळजवळ नसतंच — आत डिस्क नाही, काही साठत नाही. चालू केला की तो वायरीतून कोपऱ्यातल्या एका मोठ्या मशीनला विचारतो, मी कोण, मी काय करू? ते मोठं मशीन म्हणजे सर्व्हर. लिनक्स त्याच्यावर चालतं, सगळ्यांचं काम तिथं होतं, सगळ्यांच्या फाइली तिथंच राहतात. डबा बिघडला तर दुसरा लावा, कोणाचं काही जात नाही. सर्व्हर गेला तर सगळ्यांचं सगळं जातं. म्हणून डबे कसलेही चालतात — जुने, फुकटचे, ओरखडे पडलेले. सर्व्हर निवडताना मात्र घाई नको, कंजुषी नको, आणि — हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं — मोठेपणा नको.

डबे मी छान निवडले. एक ऑफिस बंद होत होतं, तिथून आणले. पंखा नसलेले, म्हणजे आवाज नाही. वायरीवरून नीट चालू होणारे. मेमरी बरी असलेले. एकेक डबा डायनिंग टेबलवर लावून तपासला. बायको म्हणाली, आता जेवायचं काय कीबोर्डवर? नेटवर्कचा स्विच चांगला घेतला, वायरी स्वतः ओढल्या. आजही कोणी विचारलं तर हे सगळं मी तासभर रंगवून सांगेन. बघ, आत्ताही तेच करतोय ना? डब्यांबद्दलच बोलतोय.

सर्व्हरचं सांगतो.

आमच्याकडे प्राजक्ता आहे. इथंच जन्मलेली, एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळते. मराठी हौसेनं बोलते, फक्त तो-ती-तेशी तिची कायम कुस्ती चालू असते. कमिटीच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली, "दादा, सर्व्हर आपण रिफर्बिश्ड घेऊ या, प्रॉपर. दोन डिस्क पाहिजे, म्हणजे एक मेला तरी दुसऱ्यावर सगळा आहे. आणि बॅकअप सेपरेट." सगळं बरोबर होतं. एकेक शब्द बरोबर. मीच तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण ती ते सगळ्यांसमोर बोलली, माझ्या आधी बोलली, आणि लोक माना हलवायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — माझ्या घरी एक मोठं मशीन आहे. ते मी दान देतो.

दान हा शब्द आमच्याकडे असा नुसता उच्चारून चालत नाही. तो एकदा तोंडातून बाहेर पडला की सगळे हात जोडतात आणि तीन वेळा "साधू" म्हणतात. त्या दिवशीही म्हणाले. त्यानंतर त्या मशीनमध्ये काय आहे, किती जुनं आहे, चालतं का, हे कोण विचारणार? प्राजक्तानं तोंड उघडलं होतं. अध्यक्ष हसून तिला म्हणाले, "अगं, धर्माची गाय, तिचे दात कुठं बघतेस?" सगळे हसले. मीही हसलो. तिनं एवढंच विचारलं, बॅकअप तरी लावणार ना? मी म्हणालो, लावला म्हणून समज.

लावला नाही. कधीच लावला नाही. हे पहिलं. हे सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे — आळस म्हणता येतो, विसरलो म्हणता येतं. विसरलो नव्हतो.

आणि त्या मशीनबद्दल मला आणखी एक गोष्ट माहीत होती. ती — थांब, आधी मावशीबद्दल सांगतो. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नाही.

गयामावशी म्हणजे सुधीरची आई. सुधीर माझा इथला सगळ्यात जुना मित्र, गोदामात सुपरवायझर आहे. वडील गेल्यावर त्यानं आईला परभणीकडच्या गावातून स्लाऊला आणलं. मावशी लहानपणी शाळेच्या ओट्यावर बसून थोडं शिकली — ओट्यावर, वर्गात नाही. एकदा तहान लागली म्हणून शाळेच्या माठाला तिचा हात लागला, तर मास्तरांनी तो माठ तिच्यासमोर फोडला. हे ती रडून सांगायची नाही, हसून सांगायची. "माझ्या हातात लई ताकद होती बघ, नुसता लागला का मडकं फुटायचं." वाचायला ती पुढं मोठेपणी शिकली, स्वतःच्या पोरांच्या पुस्तकांवर. आणि आमच्या वरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या डब्यावर बसून, एका बोटानं, ती टाइप करायला शिकली.

काय टाइप करायची माहीत आहे? तिच्या आईच्या ओव्या. जात्यावरच्या. बाबासाहेबांवरच्या, त्यांच्या मोटारीवरच्या, त्यांच्या कोटावरच्या, गावात त्यांची सभा होती तेव्हा कोण कोण चालत गेलं त्याच्या. कुठं छापलेल्या नाहीत. आईनं रचल्या, लेकीनं पाठ केल्या, बस. मावशी आधी ओठांत गुणगुणायची, मग थांबून एक अक्षर शोधायची, मग पुन्हा पहिल्यापासून गुणगुणायची. आजूबाजूची पोरं हसायची नाहीत. का कोण जाणे, तिच्या भोवती आपोआप शांत व्हायची.

सुधीरनं मला एकदा कार पार्कमध्ये सांगितलं. मेमरी क्लिनिकला जाऊन आले होते. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले. अजून बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. "तिला स्वतःला कळलंय रे," तो म्हणाला, "म्हणून घाई करतेय. आठवतंय तोवर उतरवून ठेवायचंय तिला. रेकॉर्डिंग म्हटलं तर लाजते, चार ओळी म्हणते नि थांबते. टायपिंग जमतंय. तुझे उपकार आहेत."

तुझे उपकार. मी काय म्हणालो असेन? छे छे, असलंच काहीतरी.

आता ते दुसरं. ते मशीन माझ्याकडे पडून होतं, कारण मी ते वापरणं बंद केलं होतं. आणि बंद का केलं होतं? कारण त्यातली डिस्क जायला लागली होती. हल्लीच्या डिस्क स्वतःची तब्येत स्वतः सांगतात. ही सांगत होती. मशीन चालू करताना स्क्रीनवर ताकीद यायची, डिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, माहिती दुसरीकडे हलवा. आतून अधूनमधून टकटक आवाज यायचा, नखानं पत्र्यावर वाजवल्यासारखा. दान जाहीर केल्यावर मी ती तपासली. निकाल वाईट होता. मी काय केलं? ताकीद बंद केली. तशी सोय असते. एक कळ दाबली की मशीन तक्रार करणं थांबवतं.

नवी डिस्क का नाही घातली? तू हेच विचारणार. ती काही मोठी गोष्ट नव्हती, दुपारभराचं काम. भीमजयंती तोंडावर आली होती हे खरं. पण जयंतीनंतरही रविवार होतेच की. मग? सांगतो. जयंतीच्या दिवशी माइकवरून माझं नाव घेतलं गेलं. संजय यांच्याकडून सर्व्हर दान. टाळ्या झाल्या, साधू झालं, फोटो झाला, दाराशेजारच्या दात्यांच्या फलकावर नाव गेलं. त्यानंतर एखाद्या रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते मशीन उघडलं असतं, तर प्राजक्तानं विचारलं असतं, काय झालं दादा? काय सांगायचं होतं तिला? तू म्हणत होतीस तेच, असं? ते माझ्यानं होईना. म्हटलं, चालेल वर्षभर. म्हटलं, नाताळच्या सुट्टीत बघू, कोणी नसताना.

माझे वडील जिल्हा परिषदेत शिपाई होते. मी स्कॉलरशिपवर शिकलो, वसतिगृहात जेवलो, आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं घेणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो. देणारा म्हणून माइकवरून नाव ऐकण्याचं मला काय वाटलं असेल, ते तुला — नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. त्याच रांगेत माझ्या पुढंमागं उभे राहिलेले कितीतरी जण सरळ वागतात. मावशी तर त्या रांगेतसुद्धा नव्हती, ओट्यावर होती.

पाटीचं सांगायचं राहिलं. सर्व्हर मी कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवला होता, आणि मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत छापून चिकटवलं होतं — कृपया हात लावू नये. मावशी पहिल्यांदा वर आली तेव्हा तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "संजू, ही पाटी आमच्या गावात कोणी लिहिली नव्हती रे. न लिहिताच वाचता यायची आम्हाला." मी वरमलो. काढतो म्हणालो. तर म्हणाली, "राहू दे, पोरं वांड आहेत. पर धूळ पुसू का मी? ज्ञानाची वस्तू, अशी धुळीत बरी दिसत नाही." मी म्हणालो, मावशी, तुम्हाला कोण अडवणार? तुम्ही पुसा.

तेव्हापासून दर रविवारी वंदनेआधी ती खाली मूर्ती पुसायची, बाबासाहेबांचा फोटो पुसायची, आणि तेच फडकं झटकून, जिना चढून, माझं ते सडकं मशीन पुसायची. हलक्या हातानं, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. मी बघायचो. आत डिस्क टकटकत असायची आणि ही वरून फडकं फिरवायची. मी बघायचो आणि खाली चहा प्यायला जायचो.

तो रविवार. नाताळ अजून लांब होता. दुपारची वेळ, खोली भरलेली, मावशी खिडकीशी. सगळ्या स्क्रीन एकदम थिजल्या. कर्सर हलेना. मुलं ओरडली. मावशीनं कीबोर्डवरून बोट उचललं आणि ते तसंच हवेत धरलं. मी जिन्यावरून धावत वर आलो. सर्व्हरपाशी वाकलो. टकटक नव्हती आता, घरघर होती, आणि त्याच्या स्क्रीनवर ओळीमागून ओळ — डिस्क वाचता येत नाही, डिस्क वाचता येत नाही. काय झालंय ते मला पहिल्या श्वासात कळलं. हे नीट ऐकून ठेव. मला शंका नव्हती. पुढं जे केलं ते गोंधळात केलं नाही.

अध्यक्ष वर आले, सुधीर आला, प्राजक्ता दारात उभी राहिली. काय झालं, संजय? माझ्या पाचावर धारण बसली होती. आणि तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला, अगदी बारीक — "मघाशी पुसताना मागची वायर हलली का काय. माझा हात लागला."

एक वाक्य पुरेसं होतं. मावशी, तुमच्या हाताचा काही संबंध नाही. एवढंच. बाकीचं नंतर सांगितलं असतं, नसतं सांगितलं, खोटं सांगितलं असतं, तरी चाललं असतं. एवढं एक वाक्य. मी काय केलं? मी पाटीकडे बोट केलं. म्हणालो, "म्हणूनच ही लावली होती."

हे तिसरं. हेच ते. बाकी सगळं याच्या भोवती आहे.

कोणी तिला दोष दिला नाही, लोक चांगले आहेत. कोणीतरी म्हणालं, होतं असं, मावशी, मुद्दाम थोडंच केलंत? म्हणजे खापर फुटलं ते फुटलंच, फक्त हळू आवाजात. मावशीनं मांडीवरचं फडकं घडी घातलं. तिचे दोन्ही हात पदराखाली गेले. मी पाहिलं. माठाची गोष्ट मला माहीत होती. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरात कुठला ना कुठला माठ आहे. माझ्या आजीच्या आयुष्यात विहीर होती. आम्ही बाबासाहेबांचा फोटो लावून वर्षानुवर्षं काय म्हणत आलो? की आमच्या हातानं काही बाटत नाही, काही फुटत नाही. आणि मी, त्यांच्यातलाच, शिकलेला, इंजिनिअर — मी तिला म्हातारपणी सांगितलं की तिच्या हातानं फुटतं.

प्राजक्ताचा संध्याकाळी फोन आला. "दादा, बॅकअप आहे ना? तो रिस्टोअर करू या. ती डिस्क किती जुना होता?" मी म्हणालो, बॅकअपमध्येही खराब फाइली गेल्यात. असं होत नसतं असं नाही, पण झालं नव्हतं. कुठल्या फाइली, हे तिनं विचारलं नाही. नुसतं "ओके दादा" म्हणाली. तिला कळलं असावं असं मला कायम वाटत आलंय. चोराच्या मनात चांदणं. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं स्वतः धडपडून दोन डिस्कांचा सर्व्हर आणला, बॅकअप लावला, आणि आजवर एकदाही तो बंद पडलेला नाही. कमिटीनं तेव्हा माझेही आभार मानले, जुन्या सेवेबद्दल. मुलांचं काही फार गेलं नव्हतं, त्यांच्या शाळेत सगळं होतं. अर्ज पुन्हा लिहिले गेले. गेलं ते एकटीचं.

सुधीर आला. तो मशीनबद्दल बोलला नाही, आईबद्दलही नाही. म्हणाला, डिस्कमधून माहिती काढून देणारे लोक असतात म्हणे? पाठवून बघू या का? काय लागेल ते मी बघतो. असतात. काढूनही देतात पुष्कळदा. पण ते डिस्क उघडतात, आणि डिस्क कधीपासून आजारी होती हे त्यांना कळतं, आणि ते ज्याची माहिती त्याला लिहून देतात. मी सुधीरच्या डोळ्यांत बघून म्हणालो, मी सगळं करून पाहिलं. काही उरलेलं नाही.

मी काहीच करून पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात ती डिस्क घेऊन मी मिल्टन कीन्सच्या टिपवर गेलो — जिथं लोक जुने फ्रिज आणि मोडकी खेळणी टाकतात — आणि भंगार लोखंडाच्या स्किपमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या उघड्या पेटीत, फेकून दिली. पडतानाचा आवाज आठवतो. हलका होता. त्यात ओव्या होत्या. कदाचित सगळ्या होत्या. गाडीत बसल्यावर मला चक्क बरं वाटलं. राउंडअबाउटमागून राउंडअबाउट वळत घरी आलो आणि पोटभर जेवलो.

लोक मावशीला म्हणाले, पुन्हा टाइप करा, तुम्हाला पाठ आहेत. तिनं मान हलवली. वर यायचीच बंद झाली. सुधीरनं घरी लॅपटॉप आणला, ती त्याच्यापासून हातभर लांब बसायची. त्यानं फोनवर रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला. पहिल्या ओळीनंतर ती थांबायची, डोळे बारीक करायची, मग दुसऱ्याच ओवीची ओळ यायची. हळूहळू तीही येईना. मला स्वतःला एक ओळ आठवते, तिच्या शेजारून जाताना कानावर पडलेली — दळून दळून गं बाई, हात पिठानं गोरा झाला. त्याच्या पुढं बाबासाहेब यायचे, एवढं नक्की. काय यायचं ते मला येत नाही. आता कोणालाच येत नाही. गाडी चालवताना मी ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, जणू दहाव्यांदा म्हटली की पुढची आपोआप येईल.

मी टिपवर पुन्हा गेलो होतो. कितीतरी महिन्यांनी. वेड्यासारखा. पिवळं जाकीट घातलेल्या माणसाला विचारलं, लोखंडाच्या स्किपमधलं पुढं कुठं जातं, शोधता येतं का? तो माझ्याकडे जरा दयेनंच बघत होता. "स्किपमध्ये गेलं की गेलं, मेट. काय होतं त्यात, फोटो?" मी हो म्हणालो. बघ, तिथंही खरं नाही बोललो.

रविवारी पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. सगळा हॉल म्हणतो. माझे ओठ हलतात. आवाज मी काढत नाही. शेजारी बसलेल्याला ते कळत नाही, एवढ्या आवाजात एक आवाज कमी झालेला कोणाला कळतो? आणि वंदना संपली की कोणीतरी येतंच — संजय, मुलासाठी लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ? मी सांगतो. नीट, विचार करून सांगतो. तेवढ्यापुरतं मी चांगला माणूस असतो.

मागच्या महिन्यात मी मावशीला सगळं सांगितलं. तुला वाटेल, चला, सांगितलं तर खरं. पण ऐक. सुधीर केमिस्टकडे औषधं आणायला गेला होता. घरात ती, मी, आणि कार्पेटवर टॅब्लेट घेऊन पालथी पडलेली सुधीरची धाकटी मुलगी, कानात हेडफोन. मी मावशीच्या समोर खुर्ची ओढली आणि बोललो. डिस्क, ताकीद, बॅकअप, पाटी, टिप. सगळं. ती माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होती. मी थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "जेवलास का?"

आणि तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते. इतकी वर्षं ती ऐकू शकत होती, तेव्हा मी गप्प होतो. तिच्या डोक्यात काही राहीनासं झालं, तेव्हा मी खुर्ची ओढली. यंत्र निवडावं तसा मी ऐकणारा निवडला. ज्यात काही साठत नाही असा. सुधीर परत आला, त्यानं विचारलं, काय गप्पा चालल्या होत्या? मी म्हणालो, काही नाही रे, जुन्या.

मग चहा झाला. मावशीला आता सुधीरचं नाव कधी आठवतं, कधी नाही. स्लाऊ म्हणजे काय ते कळत नाही, परभणीची एसटी कधी आहे असं विचारते. नातीला ती आपली धाकटी बहीण समजते. ती पोर उठून आली, टॅब्लेट आजीच्या समोर टेबलावर ठेवला आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, हे बघ, तुझा फोटो. टच कर, मोठी होईल."

मावशीनं दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले.

"मी नाही बाई हात लावायची," ती म्हणाली. "माझा हात लागला का बंद पडतंय."

सगळं विसरली ती. हे नाही विसरली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, काका, आजी असं का करते? सुधीर स्वयंपाकघरात कप विसळत होता, नळाचा आवाज येत होता. मावशीही माझ्याकडेच बघत होती, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, जरा घाबरून. टॅब्लेट आमच्या दोघांच्या मध्ये होता.

मी तो उचलला आणि तिच्यापासून लांब ठेवला.